बीदरच्या बाजारातला रशियन

व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला एक व्यापारी १४६९च्या सुमारास चौल बंदरात उतरला. बरोबर एक उमदा घोडा. नाव अफानासी निकितिन. वाटेत आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं होतं. त्यामुळे रिकाम्या हातानं परत जाण्याऐवजी तो इराणमार्गे होर्मुझला गेला आणि तिथून जहाजानं हिंदुस्थानात आला. वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून जवळपास तीस वर्षं होती.

चौलहून पाली, पालीहून उमरी, उमरीहून जुन्नर, अशी वाट निकितिननं लिहून ठेवली आहे. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकरांनी मात्र हे वाचून हरखून जाऊ नये. पालीहून जुन्नरला जाणारा माणूस मराठवाड्यातून कशाला जाईल? तरीही ही गोष्ट त्यांच्या शेजारचीच आहे, कारण निकितिनला गाठायचं होतं ते बीदर. उदगीरहून ते फार दूर नाही. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांची राजधानी तिथे होती. मराठी माणूस बीदर ओळखतो ते दामाजीपंतांच्या कथेतून. दुष्काळात कोठार लुटवणारा मंगळवेढ्याचा कारभारी आणि त्याच्यासाठी बीदरला रक्कम भरणारा विठू, एवढंच आपल्या आठवणीत उरलं. पण त्या काळी बीदरच्या बाजारात इराण, अरबस्तान आणि आफ्रिकेतून आलेली माणसं वावरत होती.

त्यांना इथवर ओढून आणण्यात घोड्यांचा मोठा वाटा होता. सैन्याची मदार घोडदळावर आणि चांगली पैदास दख्खनमध्ये होत नसे. म्हणून होर्मुझ आणि अरबस्तानातून घोडे जहाजांत भरून चौल, दाभोळला येत. निकितिननं हिंदुस्थानात आणलेला घोडा त्याला शंभर रुबलला पडला होता. जुन्नरला पाऊस लागला, चार महिने चिखल आणि पाणी, वाट बंद. त्यातच तिथल्या खानाला कळलं की हा मुसलमान नाही. त्यानं घोडा काढून घेतला आणि सांगितलं, धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. मुदत चार दिवसांची. ऐनवेळी खुरासानचा कुणी ख्वाजा महंमद मध्यस्थीला आला, म्हणून धर्मही वाचला आणि घोडाही.

इथे घोड्यांना तूप-साखर घातलेली खिचडी चारतात, हेही त्यानं नोंदवलंय. घोडा किती महागाचा होता, ते या एका तपशिलावरून समजावं.

गुलबर्ग्याकडच्या आळंदला वर्षातून एकदा दहा दिवसांची जत्रा भरे आणि विक्रीला वीस हजारांपर्यंत घोडे येत, असं तो लिहितो. आकडा थोडा फुगलेला असेल. व्यापाऱ्याच्या तोंडचा आहे. खुद्द बीदरमध्ये सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे, प्रत्येकावर शंभर पहारेकरी आणि शंभर लेखनिक, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारे. हे लेखनिक हिंदू होते. म्हणजे गादीवर सुलतान असला तरी लिहिण्याचं काम स्थानिकांच्या हाती होतं.

त्या दरबारात खरी सत्ता होती महमूद गावानकडे. हाही परदेशीच, कॅस्पियन समुद्राकाठच्या गीलानचा. तो १४५३ मध्ये व्यापारी म्हणून दाभोळला उतरला. पुढे तो वजीर झाला, १४७२ मध्ये गोवा जिंकला आणि बीदरला मदरसा उभारला. रंगीत फरशांनी मढवलेली ही तीनमजली इमारत मध्य आशियातल्या मदरशांची आठवण करून देते. पण त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे त्यानं राज्याच्या चार प्रांतांचे आठ केले, जमिनीची मोजणी करवली आणि सरदारांच्या हातातले बहुतेक किल्ले थेट सुलतानाच्या ताब्यात आणले. वऱ्हाडाचे दोन भाग झाले, गाविलगड आणि माहूर. नांदेड जिल्ह्यातलं आजचं देवीचं माहूर ते हेच.

सरदारांना हे रुचणं शक्यच नव्हतं. त्यांनी गावानच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि १४८१ मध्ये सुलतानानं सत्तरीच्या वजिराचं डोकं उडवलं. पुढच्या काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले.

वैभवाची ही वर्णनं वाचताना निकितिनची एक नोंद विसरता येत नाही. इथे माणसं पुष्कळ, खेड्यातले फार दरिद्री आणि सरदार मात्र फार श्रीमंत, असं तो लिहितो. चांदीच्या पालख्या, पुढे सोन्याच्या साजाचे घोडे, मागे शेकडो स्वार आणि पायदळ. परदेशातून घोडे आणायला लागणारा पैसा मुख्यतः सारावसुलीतून येई. या काळाचा इतिहास लिहिताना आपण सुलतान मोजतो, लढाया मोजतो, आणि हा हिशोब मांडायचं राहून जातं.

परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ निकितिन वारला, त्वेर त्याला पुन्हा दिसलं नाही. त्याच्या वह्या तेवढ्या मॉस्कोला पोचल्या. त्याच्यावर १९५७ मध्ये ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला आणि चौलजवळच्या रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. गावानचा मदरसा १६९६ मध्ये बंदुकीच्या दारूच्या स्फोटानं अर्धा कोसळला, उरलेला अजून उभा आहे. उदगीर-देगलूरकडच्या शाळांच्या सहली दूरदूर जातात. त्यांनी एकदा तरी बीदरला जावं.