चार तारा, एक डबी

ऑर्केस्ट्रात बेसवाल्याकडे कोणी बघत नाही. गायिकेकडे सगळेच बघतात, ऑक्टोपॅडवाल्याच्या हातांवर लहान मुलं डोळे लावून बसतात, गिटारवाल्याचे तर फोटो निघतात. बेस बंद पडला की मात्र पहिल्या रांगेतल्या आजोबांनाही काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, फक्त काय ते सांगता येत नाही. माझा बेस असा एकदा बंद पडला होता. बोटं चालू होती, तारा हलत होत्या, मिक्सरवर दिवे लुकलुकत होते आणि मंडपात गाण्याखालची जमीनच गायब होती.

गणेशोत्सवातला कार्यक्रम होता. आदल्या आठवड्यात मित्राने त्याचं गिटारचं मल्टिइफेक्ट पेडल हातात ठेवलं होतं. ‘घे रे, दोनशे आवाज आहेत यात.’ घरी हेडफोनवर लावून पाहिलं तर मी स्वतःवरच खूश. मंडपात पहिल्याच गाण्याला साउंडवाल्या दादांनी खूण केली, आवाज वाढव. वाढवला तर नुसती टकटक वाढली, सूर काही येईना. दुसऱ्या गाण्यानंतर दादा स्वतः स्टेजवर आले, पेडल बाजूला सारलं आणि माझी केबल थेट त्यांच्या डीआय बॉक्समध्ये, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीत, खोचली. तिसऱ्या गाण्याला मंडपाचे बांबू थरथरले. दोनशे आवाजांची ती डबी रात्रभर माझ्या पायाशी दिवे लावून बसली होती.

दोष डबीचा नव्हता. बेसची सगळ्यात जाड तार, ई, साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. गिटारची जाड ई त्याच्या दुप्पट, ८२ हर्ट्झवर. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. गिटारसाठी बनवलेल्या पेडलमध्ये अँप आणि स्पीकरच्या ज्या नकला असतात, त्या गिटारच्या अँपच्या आणि बहुधा बारा इंची स्पीकरच्या. तो स्पीकर मुळात ७०-८० हर्ट्झच्या खाली फारसं काही बोलतच नाही. नक्कल प्रामाणिक असेल तर तीही बोलत नाही. म्हणजे माझ्या सुराचा पायाच चाळणीत अडकत होता आणि वर फक्त बोटांचा खडखडाट पोचत होता. मग हेडफोनवर छान कसं वाटलं? कारण आपला कान उदार असतो. मूळ कंप नसला तरी वरच्या पटींवरून, ८२, १२३, १६४ वगैरेंवरून, तो खालचा सूर स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर बेस ऐकू आल्यासारखा वाटतो तो याच उदारपणामुळे. ऑक्टोपॅडचा किक दणदणत असताना कान असे उपकार करत नाही.

तेव्हापासून पेडल घेताना मी एकच प्रश्न विचारतो. इफेक्ट लावल्यावर खालचं किती उरतं? आवाजांची संख्या, रंगीत पडदा, ब्लूटूथ हे सगळं नंतर.

बेसवर इफेक्ट लावायची हौस नवी नाही. बीटल्सच्या १९६५ च्या ‘रबर सोल’ या अल्बममध्ये ‘थिंक फॉर युअरसेल्फ’ हे जॉर्ज हॅरिसनचं गाणं आहे. त्यात पॉल मॅकार्टनीने फझ लावलेला बेस वाजवला. फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाडून टाकणारं सर्किट. गंमत अशी की त्या गाण्यात साधा बेसही आहे. फाटका आवाज वर भांडतो, साधा खाली घर सांभाळतो. इतकी वर्षं गेली, पण बेसच्या ओव्हरड्राइव्हबद्दल, म्हणजे फझच्या सौम्य भावंडाबद्दल, याहून शहाणं काही मला सापडलेलं नाही. आजच्या पेडलमध्ये तेच काम ‘ब्लेंड’ किंवा ‘मिक्स’ नावाचं एक बटण करतं. मूळ आवाज किती आणि फाडलेला किती, हे ते ठरवतं. ज्या ओव्हरड्राइव्हला हे बटण नाही, तो बेससाठी अर्धवट समजावा. दुकानात पहिल्यांदा तेच शोधा.

हौशी बेसवाल्याला खरोखर लागतं ते थोडंच. कॉम्प्रेसर, ईक्यू, एक बऱ्यापैकी अँपचा नमुना, थोडा ओव्हरड्राइव्ह आणि ट्यूनर. जुन्या संथ गाण्यांना कोरस बरा वाटतो. डिले आणि रिव्हर्ब ही गायकांची लाडकी औषधं, बेसला त्यांनी सर्दी होते. मल्टिइफेक्टवर मिळणाऱ्या साठ-सत्तर नावांपैकी आपण कायम वापरणार ती पाच-सहाच. उरलेली पावसाळ्यातल्या रविवारसाठी.

या पाच-सहांतला राजा कॉम्प्रेसर, आणि तोच सगळ्यात दुर्लक्षित. कारण तो चालू केल्यावर ‘काहीतरी झालं’ असं वाटतच नाही. बोटाने एक ठोका जोरात पडतो, पुढचा हळू. ऐकणाऱ्याला बेस येतो-जातो. कॉम्प्रेसर वर गेलेला आवाज दाबतो. रेशो ४ ला १ ठेवला तर ठरवलेल्या रेषेच्या ४ डेसिबल वर उसळलेला ठोका १ डेसिबलच वर येतो. पण खरी नस ‘अटॅक’मध्ये आहे. दाबायला सुरुवात किती वेळाने करायची, ते अटॅक ठरवतो. फार लवकर दाबलं तर बोट तारेवरून सुटतानाचा तो पहिला चावा, ढोलकीवर थाप पडते तसला, तोच चिरडला जातो आणि उरतो तो नुसता फुगलेला सूर. मी अटॅक जरा सैल ठेवतो. चावा निसटून जाऊ देतो, मागचं शेपूट दाबतो. स्वस्त पेडलमध्ये काही कॉम्प्रेसरना अटॅकचं बटणच नसतं, पण त्याच पेडलमध्ये दोन-तीन प्रकारचे कॉम्प्रेसर दिलेले असतात. एकेक लावून बघावा, ज्यात चावा शाबूत राहतो तो आपला.

ऑक्टेव्हरबद्दल मात्र आधीच सावध करतो. हा इफेक्ट तुमच्या सुराखाली आणखी एक सप्तक जोडतो आणि चार तारांतून सिंथेसायझर घुमल्यासारखा वाटतो. बॉस कंपनीचं ओसी-२ हे १९८० च्या दशकातलं तांबूस पेडल यासाठी अजून शोधून शोधून घेतलं जातं. पण ४१ हर्ट्झचा एक हेलकावा पूर्ण व्हायलाच जवळपास २४ मिलिसेकंद लागतात. सूर कुठला ते ओळखायला यंत्राने निदान एक हेलकावा तरी बघायला हवा. २४ मिलिसेकंद म्हणजे स्पीकर तुमच्या पाठीमागे आठ मीटरवर असल्यासारखं. म्हणून जाड ईवर ऑक्टेव्हर अडखळतो, गुळण्या करतो, आणि यात महागडं-स्वस्त हा फरक फार नाही. निसर्गाचाच नियम आहे. तो वरच्या दोन तारांवर वाजवा आणि कॉम्प्रेसरच्या आधी ठेवा.

आता नावं. भाव महिन्यागणिक हलतात म्हणून आकडे देत नाही, पायऱ्या सांगतो.

सगळ्यात खालच्या पायरीवर जपानच्या झूम कंपनीचं बी१ फोर. हातात मावणारी डबी, एका वेळी पाच इफेक्ट, ट्यूनर, ३० सेकंदांचा लूपर, सरावासाठी ६८ ताल, आणि चार पेन्सिल सेलवर चालतं. बी१एक्स फोर म्हणजे हेच, फक्त बाजूला पायाने दाबायचं एक्स्प्रेशन पेडल. वाह-वाहचं वेड नसेल तर एक्स नको, पिशवीत जागा खातं. नवशिक्याने इथेच थांबावं असं माझं मत आहे. त्याच पायरीच्या आसपास झूमचंच एमएस-६०बी, एकाच बटणाचं. ज्याच्याकडे आधीच दोन-तीन सुटी पेडलं आहेत त्याला ते शोभतं. एकावर सगळी भिस्त ठेवणाऱ्याला पायाने आवाज बदलताना तारांबळ होते.

त्यावरच्या पायरीवर बॉसचं जीटी-१बी. पैसे जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त, पण अंग दणकट, बटणांत अंतर मोकळं, तेही चार सेलवर चालतं आणि यूएसबीने थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग होतं. घरी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्याचे वरचे पैसे तिथेच वसूल होतात. फक्त स्टेजवर वाजवणाऱ्याला मी तो फरक डीआय बॉक्स आणि चांगल्या केबलवर घालायला सांगेन.

डीआय बॉक्सचा आग्रह का, ते मंडपात उभं राहिल्यावर कळतं. स्टेजपासून मिक्सर कधी तीस मीटरवर असतो. गिटारची साधी जॅकवाली केबल इतक्या अंतरावर नेली की वाटेतली सगळी विजेची भुणभुण गोळा करते, आणि आपल्याकडे वाट म्हणजे रोषणाईच्या माळा. डीआय बॉक्समधून निघणारी तीन पिनांची बॅलन्स्ड केबल ती भुणभुण मिक्सरपाशी उलट-सुलट करून एकमेकींत विरवते. वर सांगितलेल्या बी१ फोरला आणि जीटी-१बीलाही तीन पिनांचं तोंड नाही. झूमच्या जुन्या बी३ ला होतं, पुढच्या बी३एनमध्ये ते काढून टाकलं. वापरलेलं बी३ चांगल्या अवस्थेत मिळालं तर म्हणूनच ते सोडायच्या आधी मी दोनदा विचार करीन. मात्र जुनं घेताना सेलचं झाकण उघडून आत पांढरी-हिरवी बुरशी आलीय का ते पाहा, जॅक बोटाने हलवून खरखर होते का ऐका, आणि पायाचं बटण एका दाबात दोनदा उडी मारतं का ते दहा वेळा दाबून तपासा. विकणारा कंटाळेल. कंटाळू द्या.

विजेचा किस्साही सांगायलाच हवा. आमच्या एका तालमीला मी अडॅप्टर घरी विसरलो. कीबोर्डवाल्याचा अडॅप्टर पिनेला चपखल बसत होता. बसला म्हणून लावला. तो १२ व्होल्टचा निघाला, शिवाय मधल्या पिनेचा ध्रुव उलटा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि मधला ध्रुव ऋण लागतो. पडदा एकदा उजळला, मग करपट वास आला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि पुन्हा झाकण लावून परत दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यावरूनच काय ते समजलो. आता अडॅप्टरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे आणि बॅगेच्या चोरकप्प्यात चार नवे सेल.

दुकानात जाताना आपला बेस घेऊन जा. तिथला चकचकीत, प्रीअँपवाला बेस कुठल्याही पेडलमधून बरा वाजतो. आणि तयार प्रीसेटवर फार वेळ घालवू नका. ते विकण्यासाठी बनवलेले असतात, दहा-दहा सेकंदांत चकित करायला. एक रिकामा पॅच, म्हणजे इफेक्टची जपून ठेवलेली मांडणी, घ्या, सगळे इफेक्ट बंद करा, जाड तारेची मोकळी ई वाजवा. मग पेडल बायपास करून तीच ई. दोन्हींत खालचं वजन सारखं असेल तर पुढे सरका. मग फक्त ओव्हरड्राइव्ह लावा आणि तीच ई. हे बेसच्या अँपवर ऐका, जमलं तर मोठ्या स्पीकरच्या. दुकानदाराने हेडफोन पुढे केला तर गोड बोलून नकार द्या.

घरी आणल्यावर पहिली चूक सगळेच करतात, मीही केली. रात्री हळू आवाजात पॅच बनवायचे. कानाला हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री आपण बेसचं बटण चढवतो, आणि तोच पॅच मंडपात मोठ्याने लागला की घुमून घुमून गायिकेचे शब्द गिळतो. पॅच तालमीच्या आवाजातच बनवावेत. शिवाय एकापेक्षा दुसरा मोठा वाजता कामा नये. मी ढोलकीवाल्याला सोबतीला ठेवून तिन्ही पॅच पाळीपाळीने वाजवतो. त्याने मान वर केली की समजायचं, आवाजाची पातळी चुकली.

हो, माझे पॅच तीनच. पहिला साधा, कॉम्प्रेसर आणि अँप. दुसरा त्यावर थोडी धार, ब्लेंड अर्ध्यावर. तिसरा ऑक्टेव्हरचा, तो दोन डिस्को गाण्यांपुरता. माझ्या बी१ फोरवर पायाची बटणं इवलीशी आहेत आणि गणपतीच्या स्टेजवर चपला काढाव्या लागतात. पहिल्या वर्षी अंगठ्याने पॅच बदलता बदलता शेजारचं बटण फिरलं आणि आरतीआधीच्या भक्तिगीताला ऑक्टेव्हर लागला. साउंडवाल्या दादांनी मिक्सरवरून नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी एका सोड्याच्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण कापून त्या बटणावर टोपीसारखं बसवलं. अजून तेच आहे.