रुग्णालयातील मधुमेही रुग्णाचे ताट

मधुमेही रुग्णाच्या आहाराविषयी एक समज आपल्याकडे फार दृढ झालेला आहे. साखर, भात व बटाटा हे तीन पदार्थ ताटातून वगळले म्हणजे पथ्य पूर्ण झाले, असा तो समज होय. घरी हा समज चालून जातो. परंतु रुग्णालयात, जेथे रुग्णास इन्शुलिन दिले जात असते, जखम भरून यावयाची असते आणि भूक मंदावलेली असते, तेथे तो अपुराच नव्हे तर प्रसंगी घातकही ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष आहे. तेव्हा कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांमध्ये मधुमेही असणारच, हे गृहीत धरून ह्या प्रश्नाचा विचार करावयास हवा.

प्रथम थोडा इतिहास पाहू. इन्शुलिन उपलब्ध होण्यापूर्वी आहारनियंत्रण हाच काय तो उपाय होता, आणि त्याचे स्वरूप जवळजवळ उपासमारीचे होते. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन ह्यांची अल्पाहार-पद्धती त्या काळी मान्यता पावली होती. तिने मुलांचे आयुष्य काही महिने वा वर्षे वाढे, पण ती अस्थिपंजर होत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचण्यात आले आणि आहाराचे प्रयोजनच बदलले. अन्न तोडणे हे उद्दिष्ट मागे पडून अन्न व औषध ह्यांचा मेळ घालणे हे उद्दिष्ट पुढे आले. १९५० साली अमेरिकेत पदार्थांच्या विनिमय-याद्या तयार झाल्या. त्यांमुळे समान कर्बोदके असलेला एक पदार्थ दुसऱ्याच्या जागी योजणे सुलभ झाले. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. पुढे १९९४ साली अमेरिकन मधुमेह संघटनेने सर्वांसाठी एकच ठरावीक आहार सांगण्याची प्रथा सोडून दिली. आज रुग्णालयांसाठी जी पद्धत सामान्यतः पुरस्कारिली जाते ती अशी की, रोजच्या त्या त्या जेवणात कर्बोदकांचे प्रमाण शक्य तितके स्थिर असावे. पदार्थ मात्र रुग्णाच्या सवयीचे असावेत.

ह्या तत्त्वाचा आपल्या ताटाशी संबंध जोडण्यासाठी मानपाड्याचे उदाहरण घेऊ. ठाणे जिल्ह्यात ह्या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर येऊरच्या डोंगरालगत, दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस. दोन्हीकडे जुन्या आगरी-कोळी वस्तीच्या शेजारी देशभरातून आलेली कुटुंबे उंच इमारतींतून राहतात. येथल्या रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर भात, मासळी व तांदळाची भाकरी खाणारा भूमिपुत्र, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला देशावरचा मनुष्य आणि पोळी खाणारा उत्तरेकडील गृहस्थ असू शकतात. तिघांनाही एकच छापील पथ्य देणे सोयीचे असले तरी शास्त्रीय नव्हे.

येथे आकडे बोलके आहेत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक-कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कच्च्या, सडलेल्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीत सुमारे ६८, नाचणीत ६७, गव्हाच्या कणकेत ६४ व बाजरीत ६२. म्हणजे भाकरी हा काही कर्बोदकविरहित पदार्थ नव्हे. खरा भेद तंतूंचा आहे: तांदळात ते ३ ग्रॅमच्या आसपास, तर इतर चारही धान्यांत १० ते ११ ग्रॅम. तंतूंमुळे पचन मंदावते व रक्तशर्करा सावकाश चढते.

आता दोन ताटे मांडून पाहू. पहिल्यात प्रत्येकी २५ ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या, ३० ग्रॅम तांदळाचा भात व २० ग्रॅम तुरीच्या डाळीची आमटी. कर्बोदके अनुक्रमे ३२, २३ व ११, एकूण ६६ ग्रॅम. दुसऱ्यात प्रत्येकी ३५ ग्रॅम पिठाच्या दोन तांदळाच्या भाकऱ्या व तीच आमटी. येथेही बेरीज ६६ च्या घरातच येते. दुसऱ्या ताटात भरपूर पालेभाजी व मासळीचा तुकडा घातला तर तंतूंची उणीव काही अंशी भरून निघते, प्रथिने वाढतात, आणि रुग्ण आपले अन्न म्हणून ते जेवतो. ही शेवटची बाब गौण मानू नये. न जेवलेल्या ताटातील पोषण रुग्णाच्या शरीरात जात नाही, आणि प्रथिनांच्या अभावी जखमा भरून येण्यास विलंब लागतो.

परंतु धोका सर्वाधिक आहे तो वेळेचा. जुन्या प्रकारचे साधे इन्शुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास, तर शीघ्रगतीचे इन्शुलिन जेवणाच्या अगदी आधी द्यावयाचे असते. इन्शुलिन टोचले गेले आणि ताट तासभर उशिरा आले, अथवा त्याच वेळी रुग्णास क्ष-किरण तपासणीसाठी नेले, तर रक्तशर्करा झपाट्याने उतरते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णास १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी लागते. दुर्लक्ष झाल्यास बेशुद्धी व मृत्यूही ओढवू शकतो. शर्करेवर अतिकठोर नियंत्रण ठेवणे हाही ह्यावरील उपाय नव्हे. अतिदक्षता विभागातील सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या नाइस-शुगर चाचणीत कठोर नियंत्रणाच्या गटात मृत्यूचे प्रमाण २७.५ टक्के, तर १८० मिलिग्रॅमपर्यंत मुभा असलेल्या गटात २४.९ टक्के आढळले. म्हणून रुग्ण किती जेवेल ह्याची शाश्वती नसेल तेथे शीघ्रगतीचे इन्शुलिन जेवण होताच, खाल्लेल्या अन्नाच्या मानाने देण्याची पद्धतही अवलंबिली जाते. अशा वेळी ताटात उरलेले अन्न हीच एक वैद्यकीय नोंद ठरते.

ह्याखेरीज आपल्या समाजाच्या दोन सवयी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली घरच्या डब्याची. आप्तेष्ट मायेने आणलेला डबा नाकारणे कठीण, आणि नाकारल्यास तो चोरून खाल्ला जातो. तेव्हा डब्यात काय आहे हे परिचारिकेस सांगावे व तेवढे रुग्णालयाच्या ताटातून कमी करावे, असा व्यवहार्य नियम करणे बरे. दुसरी उपवासाची. आजारपणातही एकादशी वा श्रावणी सोमवार पाळणारे रुग्ण पुष्कळ असतात. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टच. त्यात प्रथिने नाममात्र असतात. उपवास सोडा असे सांगण्यापेक्षा दूध, ताक, दाणे व मोजकी वरी ह्यांची योजना करणे आणि औषधाची मात्रा वैद्यांकडून त्याप्रमाणे ठरवून घेणे अधिक फलदायी होय.

सारांश, मधुमेही रुग्णाचे ताट हे निषेधांची यादी नसून मोजमाप, वेळ व रुची ह्या तिहींचा मेळ आहे. हा मेळ वैद्य, परिचारिका, आहारतज्ज्ञ व स्वयंपाकी ह्या चौघांनी एकमेकांशी बोलल्यावाचून साधत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी रुग्णालयात काम करताना केवळ आहारपत्रक तयार करून थांबू नये. इन्शुलिन कोणत्या वेळी दिले गेले, ताट कोणत्या वेळी आले आणि त्यात किती अन्न उरले, ह्या तीन नोंदी त्यांनी खाटेशेजारी उभे राहून कराव्यात. रुग्णाचे बरेवाईट पुष्कळदा ह्या तीन नोंदींतच दडलेले असते.