तंगडी हाडापर्यंत शिजवा

आखाडातला रविवार आला, की पुष्कळ घरी कोंबडी शिजते. पातेले उतरले, की आई पहिली तंगडी कुणाच्या ताटात वाढते? लेकराच्या. ही आपली माया. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. अख्खी तंगडी आतून शिजायला फार वेळ घेते. म्हणजे जी फोड कच्ची राहण्याचा संभव जास्त, तीच आपण लहानग्याला देतो.

दोन वर्षांमागे माझ्याच घरी असे झाले. पाहुणे बसले होते. सूनबाईंना मीच घाई केली. निखाऱ्यावर तंगड्या वरून छान लाल झाल्या होत्या. नातवाने निम्मी खाल्ली. मग पाहतो तो हाडाजवळ मांस कच्चे! दुसऱ्या दिवशी त्याला ताप आणि जुलाब. तीन दिवस पोर अंथरुणाला खिळले. चूक सुनेची नव्हती, माझ्या घाईची होती.

असे का होते? कच्च्या कोंबडीत रोगाचे जंतू असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापले, की ते मरतात. पण उष्णता बाहेरून आत जाते. मांडी तर जाड. वरचे मांस करपू लागले, तरी हाडाजवळचे कच्चे राहते.

मग काय करावे? मांडीच्या जाड भागाला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या. मीठ, हळद, आले-लसूण चिरांत चोळा. तेलावर कांदा आणि वाटण परता. त्यात तंगड्या परता आणि झाकण ठेवा. झाकणात पाणी घाला. ते तापले, की रश्श्याला तेच ओता. एक उकळी आली, की आच मंद करा. ब्रॉयलरच्या अख्ख्या तंगडीला पाऊण तास द्या. गावरान कोंबडीला तासाहून जास्त लागतो. जास्त शिजली तर चोथा होईल, अशी भीती नको. तंगडीतला चिवट भाग सावकाश शिजूनच मऊ होतो. रश्श्यालाही चव येते.

शिजली हे कसे ओळखावे? मांडीच्या सर्वांत जाड भागात सुरी खुपसा. रस पांढरा, निवळ आला पाहिजे. मांस हाडापासून सहज सुटले पाहिजे. रस तांबडा आला, तर पुन्हा झाकण ठेवा. कोवळ्या कोंबडीचे हाड शिजल्यावरही कधी काळपट-तांबूस दिसते. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

आणखी दोन गोष्टी. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोडे उडतात, आणि जंतू शेजारच्या भांड्यांवर जातात. धुवायचीच तर पातेल्यात हळूच धुवा, आणि मोरी साबणाने घासा. मांस कापलेल्या सुरीने तशीच काकडी चिरू नका. सुरी, फळी आणि हात आधी साबणाने धुवा.

आता आमच्या घरी पाहुणे आले, की मी घाई करीत नाही. त्यांना आणखी एक चहा देतो. तंगडी शिजली का, ते सूनबाई सुरी घालून बघतात. मगच पाने मांडली जातात.