दार आहे का? हा प्रश्नच नाही!

हॉस्टेलच्या खोलीला कुलूप लावून पुन्हा एकदा ओढून बघता ना? मग नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला जाच. शनिदेव राखण करतो या श्रद्धेने इथल्या घरांना पिढ्यानपिढ्या चौकट आहे, कवाड नाही. आडोशाला पडदा, फार तर कुत्री शिरू नयेत म्हणून फळी. २०११मध्ये युको बँकेनेही इथे बिनकुलपाची शाखा उघडली! गंमत बघा, त्याच २०११च्या जनगणनेत स्वतंत्र घर ओळखलं गेलं ते स्वतंत्र मुख्य प्रवेशावरून. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खोल्या किती, घरात जोडपी किती, सगळं विचारलं. कवाडाचं तेवढं राहिलं. २०१५मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. तेव्हापासून किती चौकटींना कवाडं बसली, हे या आकड्यांत सापडायचं नाही. गल्लीबोळांतून फिरून तुम्हालाच मोजावं लागेल.