कचऱ्याच्या डोंगरावर बाग कशी उभी राहते

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्याच्या कचरा डेपोचं आरक्षण रद्द झाल्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात झाली आणि इथल्या सोसायट्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिथली वनजमीन वाचली, हे फार चांगलं झालं. पण आपला कचरा मोशीच्या डेपोत जातोच आहे, तेव्हा तिथल्या डोंगराचं पुढे काय करायचं हा प्रश्न आपलाही आहे.

अशा जागेवर बाग होऊ शकते, हे मुंबईत दिसतं. धारावीला लागून मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी मुंबईचा कचरा पडायचा. १९७७ च्या सुमारास ते थांबलं, १९८३ मध्ये डॉ. सालिम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये ३७ एकरांचं उद्यान लोकांसाठी खुलं झालं. एवढी वर्षं का लागतात?

गाड्या यायच्या थांबल्या तरी ढीग आतून कुजतच असतो. हवा न मिळाल्यामुळे त्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हे वायू मातीतली हवा हुसकावून लावतात, मुळं गुदमरतात आणि रोज पाणी घातलेलं रोपही पिवळं पडतं. पाऊस मुरला की तळातून काळं, उग्र वासाचं पाणी झिरपतं आणि विहिरीपर्यंत पोचतं. शिवाय ढीग जागोजागी खचतो.

ढीग तसाच ठेवायचा असेल तर त्याला उतार देऊन चिकणमातीचा थर दाबून बसवतात, वायू बाहेर काढायला नळ्या घालतात आणि मग वर चांगली माती टाकतात. आधी गवत, मग झुडपं; मोठी झाडं शेवटी, जिथे मातीचा थर पुरेसा जाड असेल तिथेच.

दुसरी वाट बायोमायनिंगची. मोशीत जुन्या कचऱ्यावर हे काम झालं आहे. कचरा उकरून लांबट ढीग घालतात, त्यांवर जिवाणूंचं द्रावण फवारतात आणि अधूनमधून ते पलटतात. सुकलेला माल ट्रॉमेल या फिरत्या, दंडगोल चाळणीत जातो. बारीक माती छिद्रांतून खाली पडते. प्लास्टिक आणि चिंध्या पुढे सरकतात, त्या सिमेंटच्या भट्टीत जळणाला चालतात. दगडविटा भरावाला जातात. मला हीच वाट पटते, कारण जमीन खरोखर मोकळी होते. मात्र चाळून निघालेल्या मातीत काचेचे बारीक तुकडे, शिसं, कॅडमियम असू शकतं. मुलं जिथे खेळणार, तिथे ती तपासल्याशिवाय पसरू नये.

ढीग झाकून केलेल्या बागेत तर फाटक उघडल्यावरही वायूच्या नळ्या आणि आसपासच्या विहिरींचं पाणी वर्षानुवर्षं तपासावं लागतं. त्याची तरतूद नागरिकांनी पहिल्या अंदाजपत्रकातच मागून घ्यावी.