चुन्याची पोती आणि सडबरीच्या टेकड्या

सडबरीच्या माणसाला डिवचायचे असेल, तर चंद्राचा विषय काढावा. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या या खाणगावात १९७१ आणि १९७२ साली अपोलोचे अंतराळवीर सरावाला आले, आणि ‘तिथली जमीन चंद्रासारखी उजाड म्हणून’ ही दंतकथा पसरली. खरे तर ते आले होते सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताने फुटलेले खडक अभ्यासायला. दंतकथा खोटी, उजाडपणा मात्र खरा. सुमारे १७ हजार हेक्टरांवर झाड म्हणून उरले नव्हते. त्याभोवतीच्या कितीतरी मोठ्या पट्ट्यात खुरटे बर्च आणि मेपल कसेबसे तग धरून होते.

पूर्वार्ध ओळखीचा आहे. १८८३मध्ये रेल्वेमार्ग टाकताना तांबे-निकेलचे खनिज सापडले. मग ओंडक्यांच्या थरांवर खनिज रचून उघड्यावर भाजणे सुरू झाले. एकेक रास महिनोन्महिने धुमसे. जंगल आधी सरपणात गेले, उरलेसुरले गंधकाच्या धुराने मारले. शेतकरी कोर्टात गेले. १९१७ साली न्यायमूर्ती मिडल्टन यांनी धुराशिवाय खाण चालत नाही आणि खाणीवाचून गाव चालत नाही, अशा अर्थाचे सांगून भट्ट्यांना मनाई करायचे नाकारले. १९२१मध्ये कायदाच झाला: धुराने पीक गेले, तर दाद लवादाकडे मागायची. शेतकऱ्याच्या हातून कोर्टाचा दरवाजाही गेला.

१९७२ साली ३८१ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली. गावचा धूर पातळ झाला, म्हणजे दूरच्यांच्या वाट्याला गेला. त्याच वर्षी जवळच्या कॉनिस्टनची भट्टीही बंद पडली. हवा सुधारली.

झाडे काही आली नाहीत.

गुन्हेगार धूरच, असे धरून चालणाऱ्यांची इथे गाडी अडली. १९७४मध्ये व्हिटबी आणि हचिन्सन यांनी तिथल्या मातीचा अर्क काढून त्यात बियांची मुळे वाढू दिली, ती वाढेनात. धूर विरला तरी त्याने आणून टाकलेले तांबे आणि निकेल मातीच्या वरच्या थरात बसून होते. दोन्ही धातू झाडाला हवेच असतात, पण अगदी कणभर. माती आंबट झाली की ते विरघळतात, आणि पहिला घाव मुळाच्या टोकावर पडतो. तिथे पेशींचे विभाजन मंदावते, मूळ आखूड आणि जाड राहते, उपमुळे फुटत नाहीत. मग बोटभर खाली ओल असूनही रोप कोरड्या दिवसांत तहानेने मरते. पानांवर दिसणारा पिवळेपणा हा बऱ्याचदा नंतरचा अंक.

यावरचा उतारा कुणाच्या लक्षात यावा? लॉरेन्शियन विद्यापीठातल्या कीथ विंटरहॅल्डर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. त्यांचे नाव आज सडबरीबाहेर फारसे कुणी घेत नाही, आणि हे अन्यायाचे आहे. धातू उपसून काढायचा, तर सगळी माती उचलावी लागली असती. विंटरहॅल्डर यांचा आग्रह होता चुनखडीच्या भुकटीचा. माती आंबट राहिली नाही की धातू तिथेच असतो, पण मुळांना फारसा मिळत नाही. कोकणातल्या आंबट जांभ्या जमिनीला चुना देणाऱ्याला यातला निम्मा भाग नवा वाटणार नाही. नवल पुढचे आहे: चुनखडी पडलेल्या पट्ट्यांत बर्च, पॉप्लर आणि विलो न लावताच उगवू लागले. बी वाऱ्यावर येतच होते. रुजायला जागा नव्हती. म्हणूनच विंटरहॅल्डर चुनखडीला बंदुकीचा चाप म्हणत.

१९७८ साली खाणीत कामगारकपात झाली आणि विद्यार्थ्यांच्या उन्हाळी नोकऱ्याही गेल्या. तेव्हा नगरपालिकेने त्यांनाच टेकड्यांवर धाडले. खडकाळ उतारावर यंत्र चढेना, म्हणून पोरापोरींनी चुनखडीची पोती खांद्यावर नेऊन हाताने भुकटी पसरली, हेक्टरी सुमारे १० टन. मग खत, गवताचे आणि शेंगवर्गीय वनस्पतींचे बी. पाइनची रोपे त्यानंतर.

ती उंच चिमणी २०२० साली थंड झाली. २०२२मध्ये सडबरीत एक कोटीवे झाड लावले गेले. टेकड्यांच्या मातीतले तांबे आणि निकेल आहेत तिथेच आहेत.