नीटचा अभ्यास : क्लासआधी भाषेचा विचार करा

दहावीचा निकाल लागला की शिवाजीनगर, बैंगनवाडीतले पालक आम्हा शिक्षकांकडे एकच सवाल घेऊन येतात : "सर, नीटसाठी क्लास कोणता लावू?" आमच्या मते हा सवाल दुसऱ्या नंबरचा आहे.

उर्दू माध्यमातलं मूल अकरावी सायन्सला गेलं की एका रात्रीत 'खलिया'चा सेल होतो आणि 'जियाई तालीफ'चं फोटोसिंथेसिस. मुलाला विषय येत असतो, शब्द येत नसतो. भरलेल्या वर्गात त्यासाठी कोण थांबणार? नीट 2018 पासून उर्दूतही देता येते. भाषा फॉर्म भरतानाच ठरवावी लागते. पण उर्दू पेपरात सोबत इंग्रजीही असते आणि अनुवादात घोळ वाटला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. म्हणजे उर्दू निवडली तरी इंग्रजी शब्दांपासून सुटका नाही. त्यासाठी आम्ही एक वही करायला लावतो : एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, रोज दहा. सहा महिन्यांत फरक दिसतो.

पुस्तकं म्हणाल तर अकरावी-बारावीची एनसीईआरटी आधी. वेबसाइटवर फुकट आहेत. 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे, आणि तिथे या पुस्तकांची ओळ न् ओळ कामाला येते. फिजिक्स मात्र वाचून होत नाही, हातात पेन पाहिजे.

मग जुने पेपर, घड्याळ लावून. बरोबर उत्तराला 4 मार्क, चुकलं तर 1 वजा. पेपर झाल्यावर प्रत्येक चूक तपासा : येतच नव्हतं, घाईत चुकलं, की प्रश्नातला शब्दच कळला नाही? तिसऱ्या प्रकारच्या चुका जास्त असतील तर महागडा क्लास लावून काही होणार नाही, वहीच वाढवावी लागेल.

राहिला जागेचा प्रश्न. दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसं, वर टीव्ही. फजरनंतरचे दोन तास गल्ली शांत असते. ते मुलीला पाणी भरायला लावून घालवू नका. (मुलाला कोणी लावत नाही, हेही पाहतो आम्ही.)

एवढं झाल्यावर क्लास जरूर बघा. फी भरण्याआधी दोन-चार दिवस मुलाला बसवून पाहा आणि विचारा, टेस्टनंतर चुका समजावून देतात का, की नुसते मार्क लावतात?